छातीवरील डाग आणि घाईचा निवाडा

क्षयरोगाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या आपल्या देशात छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला, की थुंकीत जंतू सापडोत वा न सापडोत, तो क्षयाचाच असे गृहीत धरून औषधे सुरू करण्याची जी वहिवाट पडली आहे, तिच्यापायी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कित्येक रुग्णांचे मोलाचे महिने वाया जातात. आणि ही हानी टाळता येण्याजोगी असल्यामुळेच ती मला अक्षम्य वाटते.

१८९५ साली राँटगेन यांनी शोधलेल्या किरणांचे मानवजातीवरील उपकार थोर आहेत. तथापि एक्स-रे ही अखेर एक छाया असून हृदयामागे किंवा बरगडीआड दडलेली लहानशी गाठ तीत सहज विरून जाते. सीटी स्कॅन छातीचे पातळ छेद दाखवून गाठीचे आकारमान, तिची काटेरी कड, शेजारच्या लसिका ग्रंथींची सूज या साऱ्यांचा खुलासा करतो. अमेरिकेत प्रदीर्घ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांवरील ज्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तीत कमी मात्रेच्या सीटीमुळे, एक्स-रेच्या तुलनेने, फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले. मात्र सीटीने संशयास्पद ठरविलेल्या १०० निष्कर्षांपैकी ९० हून अधिक कर्करोगाचे नव्हते, हेही त्याच चाचणीने दाखविले. जेथे जुन्या क्षयाचे व्रण घरोघरी आढळतात, तेथे सरसकट स्कॅनची शिबिरे भरविण्यापूर्वी याचा विचार व्हावा. पेट स्कॅनचीही गोष्ट निराळी नाही. त्यात कर्करोग उजळतो, तशी सक्रिय क्षयाची गाठही उजळते.

म्हणून चित्राने गाठीचा ठावठिकाणा व रोगाचा विस्तार सांगावा, तिचे नाव मात्र सुईने किंवा दुर्बिणीने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरूनच ठरावे. थुंकीच्या सीबीनॅट या जनुकीय तपासणीत क्षय सिद्ध झाला नसेल आणि रुग्ण मध्यम वयाचा, विडी-सिगारेट ओढणारा किंवा खोकल्यातून रक्त पडणारा असेल, तर सीटी व बायॉप्सीची तजवीज जिल्हा रुग्णालयातच करण्याचा स्पष्ट हुकूम सरकारने काढला पाहिजे. कुटुंबीयांनीही जुन्या फिल्म दप्तरात जपाव्यात. कारण दोन वर्षे जसाच्या तसा राहिलेला भरीव डाग बहुधा निरुपद्रवी असतो, आणि क्षयाची औषधे चालू असताना तो वाढत असेल, तर औषधांचा ठराविक काळ पुरा होण्याची वाट न पाहता निदानाची फेरतपासणी मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.