पडीक म्हणजे काय रे भाऊ?

परवा ऑफिसात मेल आली. 'या शनिवारी वृक्षारोपण, बस सकाळी सहाला, टी-शर्ट फुकट.' ठिकाण पारनेर तालुक्यातलं एक माळरान. खाली ठळक अक्षरांत : चला, पडीक जमीन हिरवी करू या! मी येणार नाही म्हणून कळवलं आणि तेव्हापासून टीममध्ये 'झाडांचा दुश्मन' झालोय. म्हणून हा लेख :-)

आधी कबुली देतो. चार वर्षांपूर्वी अशाच बसमधून मीही याच तालुक्यात गेलो होतो. जेसीबीने खड्डे आधीच काढून ठेवले होते. आम्ही गिरिपुष्पाची रोपं खोचली, ग्रुप फोटो काढला आणि परतताना सुप्याला मिसळ हाणली. पण त्याआधी खड्ड्याच्या काठावर, मुरमात, एक कोळी दिसला होता. जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा, डोक्यामागे दोन पांढरे पट्टे. पळून जायचं सोडून त्याने वळून चक्क माझ्याकडे बघितलं!

उड्या मारणाऱ्या कोळ्यांची हीच तर गंमत. हे जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसत नाहीत. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन टपोरे, त्यांनी दिवसाढवळ्या बघून, झडप घालून शिकार करतात. साल्टिसिडी हे त्यांचं कुळ कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं, सहा हजारांहून जास्त जातींचं. त्यातली स्टेनेल्युरिलस ही प्रजात उघड्या, कोरड्या जमिनीवर राहणारी. बहुतेक जाती आफ्रिकेतल्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच भारतातल्या. २०२२ मध्ये किरण मराठे आणि सहकाऱ्यांनी एकट्या दख्खनच्या पठारावरून तिच्या तीन नव्या जाती नोंदवल्या. एकीचं नाव श्वेतमुखी. किती छान ना?

म्हणजे जिला आपण पडीक म्हणतो, त्या जमिनीवर आत्ता आत्ता नव्या जाती सापडताहेत.

आता यावर नेहमीचा प्रश्न येतो : "पारनेरच्या त्या माळावर असं काही आहे, याची नोंद दाखव." इथे आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. डेटाबेसमध्ये रकाना रिकामा असला म्हणून कुणी त्याला शून्य समजतं का? नल वेगळं, झीरो वेगळं, हे आपण फ्रेशर पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. कोळ्यांच्या नकाशावरचे ठिपके तिथेच दाट असतात, जिथे बघणारे राहतात. तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलेला आयसिअस तुकारामी हा कोळी २०२१ मध्ये जाहीर झाला, तो ठाणे-कल्याण भागातला. लाखोंच्या वस्तीत जर २०२१ पर्यंत एक जात बिननावाची राहू शकते, तर माळरानाचं काय घेऊन बसलात? लँजेल्युरिलस ही प्रजात फक्त आफ्रिकेत असते असं मानत होते, २०१७ मध्ये ती भारतात नोंदली गेली. ती काय त्या वर्षी विमानाने आली?

आणि हा घोळ फक्त आपल्या एचआरचा नाही. सरकारी 'वेस्टलँड अ‍ॅटलास'मध्येही खुरट्या झुडपांच्या जमिनी 'वेस्टलँड'मध्येच मोडतात. शब्द तसा, पुढची कृती तशी. २०१९ मध्ये राज्याने तेहेतीस कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. झाडं मोजता येतात, फोटोत दिसतात. कुसळी गवत आणि त्यातला कोळी दिसत नाही.

लगेच कुणीतरी राळेगणसिद्धीचं नाव काढेल. ते याच तालुक्यात आहे आणि तिथल्या पाणलोटाच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण ते काम गावाने आपल्या गरजेपोटी, आपल्या जमिनीवर, वर्षानुवर्षं राबून केलं. आपण सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. दोन्हींची तुलना करू नका राव.

त्या दिवशी मेंढरं घेऊन एक म्हातारे बाबा थांबले होते. म्हणाले, "लावा की झाडं. पर मंग मेंढरांनी चरायचं कुठं?" आम्ही हसलो. पुढच्या मे महिन्यात मी एकटाच पुन्हा तिथे गेलो. बहुतेक रोपं वाळली होती, खड्डे मात्र तसेच होते. बाबांचा प्रश्नही तसाच होता, आणि हसायला कुणी नव्हतं.

न वाचलेला कोड 'काही कामाचा दिसत नाही' म्हणून कुणी डिलीट केला, तर आपण त्याला कच्चा खाऊ. मग माळरानाला हा न्याय का नाही?

झाडं जरूर लावा. रस्त्याकडेला लावा, सोसायटीत लावा, गाव मागेल तिथे लावा. माळावर मात्र खड्डा काढण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा नुसतं बघा. कोळ्याचा वरून, समोरून, बाजूने फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून आयनॅचरलिस्टवर टाका. नुसत्या फोटोवरून जात बरेचदा ठरत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतात. पण नकाशावर एक ठिपका तर पडेल!

असो. शनिवारी मीही पारनेरलाच चाललोय, माझ्या बाइकवर. कुदळ नाही, भिंग घेऊन. मागची सीट रिकामी आहे. टी-शर्ट मिळणार नाही, मिसळ माझ्याकडून.