घरगुती विज्ञान : मधली भिंत काढल्यावर

गेल्या श्रावणांत दोंडाईच्यास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांच्या गच्चीवर सौर विजेचे पॅनल आहेत. रात्रभर पाऊस पडून सकाळीं लख्ख ऊन पडलें, तरी इन्व्हर्टर कांहीं केल्या सुरू होईना. तांबडा दिवा लावून स्वस्थ बसला. बसविणारा कारागीर आला व म्हणाला, "हीं यंत्रें फार नाजूक, काका. ही तपासणीच बंद करून टाकतों." स्नेही राजी झाले. मला मात्र राहवेना. कारण दर आठवड्यास ओल्या फडक्यानें ते पॅनल पुसावयास वहिनी वर जातात.

पॅनलांतून येणारा प्रवाह एकाच दिशेचा असतो. त्यास घरच्या विजेसारखा दिशा बदलणारा करणें हें इन्व्हर्टरचें काम. पूर्वीच्या इन्व्हर्टरांत दोहोंमध्यें ट्रान्सफॉर्मर असे. वीज चुंबकत्वाच्या द्वारें पलीकडे जाई, तारेला तार लागत नसे. म्हणजे ती एक भिंतच होती. त्याच जिल्ह्यांत साक्रीजवळ महानिर्मितीचें १२५ मेगावॅटचें केंद्र आहे. तसल्या ठिकाणीं वीज उच्च दाबाच्या वाहिनीवर चढवावयाची असल्यानें ट्रान्सफॉर्मर असतोच. घरगुती यंत्रांतून मात्र वजन, किंमत व शेकडा एक-दोन नुकसान वांचविण्यासाठीं तो बहुधा काढलेला असतो.

भिंत गेली, कीं पॅनलांचा व रस्त्यावरच्या तारांचा सरळ संबंध जुळतो. पॅनल व त्याची अॅल्युमिनियमची चौकट मिळून पंख्याला असतो तसा कंडेन्सरच बनतो, आणि ओलाव्यानें त्याची धारणा वाढते. दाब सेकंदास हजारों वेळां खालींवर होऊं लागला म्हणजे त्यांतून जमिनीकडे प्रवाह झिरपतो. चौकटीस अर्थिंग नसेल व कोणी ओल्या पायांनीं हात लावला, तर झटक्यापेक्षां तोल जाण्याचें भय अधिक. तारेचें आवरण फाटलेलें असेल, तर तो झटकाच प्राणावर बेततो.

यावर जर्मनीच्या एस. एम. ए. कंपनीनें काढलेली 'एच-५' ही तोड मला फार आवडते. नेहमींच्या चार कळांस पांचवी जोडून, प्रवाह यंत्राच्या आंतल्या आंत फिरत असेल त्या क्षणीं पॅनल अलग करावयाचे! शिवाय तारांचें आवरण शाबूत आहे कीं नाहीं, हें यंत्र रोज सकाळीं आधीं पाहतें. चालू असतां गळती एकाएकीं ३० मिलिअँपिअरनें वाढल्यास ०.३ सेकंदांत वीज तोडतें. तोडणाऱ्या कळाही एकामागें एक अशा दोन, एक चिकटली तर दुसरी असावी म्हणून. कारागीर बंद करूं पाहत होता ती हीच राखण.

गच्चीवर जाऊन पाहतों तों खारीनें कुरतडलेली तार डबक्यांत पडलेली, आणि चौकटीची अर्थिंगची तार कठड्याच्या गजास नुसती गुंडाळलेली. तार बदलली, अर्थिंगसाठीं वेगळा खड्डा खणविला. त्या खड्ड्याचे पैसे मूळच्या बिलांत आधींच धरलेले होते, हें मागाहून कळलें.