थारला वीस इंची अलॉय, आणि पाणंदीत ओढायला ट्रॅक्टर

सध्या गावोगावी एक फॅशन आलीय. थार घ्यायची, जिम्नी घ्यायची, आणि पहिल्या महिन्यातच कंपनीची चाकं काढून मोठ्ठे अलॉय घालायचे. हौसेला मोल नसतं, मान्य. पण ज्याची गाडी पाणंदीतून रानात जाते, मागं खताची पोती आणि माणसं असतात, त्यानं चाक दिसण्यावर घेऊ नये. शेतकऱ्याच्या गाडीला रिम लहान आणि टायर जाड पाहिजे. पोरं नेमकं उलटं करतात.

कसं ते बघा. २०२० साली आलेली थार दोन मापांच्या टायरवर मिळायची, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. बाहेरून दोन्ही चाकं जवळपास सारखीच उंच, ७७४ आणि ७८९ मिमी. पण रबराची भिंत सोळा इंचीला १८४ मिमी आणि अठरा इंचीला १६६. आता कुणी २६५/५० आर २० घातलं तर चाकाची उंची ७७३, म्हणजे सोळा इंचीएवढीच, आणि भिंत उरली १३२. गाडी बोटभरही वर उठली नाही. रबर गेलं, त्या जागी धातू आला. दगडावर आपटली की मार थेट रिमला. आणि ट्रॅक्टरचं मागचं टायर रानात १२-१४ हवेवर चालवतो ते कशासाठी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टायर पसरतं, पकड येते. जीपगाडीलाही चिखलात तेच करायचं असतं. भिंतच नसेल तर हवा कमी करणार कशी?

रुंदीचंही तसंच. वर राड आणि खाली मुरूम असेल तर अरुंद टायर राड कापत खाली जातं आणि पकडतं. रुंद टायर वरच्या वर घसरतं. भुसभुशीत वाळूत मात्र रुंदच बरं. आणि भर पावसात काळ्या रानात कुठलंच टायर चालत नाही, खाचा मातीनं भरल्या की सगळी टायरं गुळगुळीत. तिथं गाडी बांधावर लावून चालत जाणं हाच उपाय.

आता बसण्याचं. दुकानदार म्हणतो, "पाच नटाचं हाय, बसतंय." पाच नट असून भागत नाही. स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचं माप म्हणजे पीसीडी. जिप्सी आणि जिम्नी दोन्हींचं १३९.७ मिमी, जीप रँग्लरचं १२७. पाच स्टड समोरासमोर येत नाहीत, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १.७ नं गुणा. जिम्नीला ८२ मिमी भरतं, गुणाकार १३९ च्या पुढं येतो. मधलं भोकही बघायचं. जिम्नीचं १०८ मिमी आहे. त्याहून लहान असेल तर चाक हबवर बसणारच नाही, आणि फार मोठं असेल तर मध्य नीट धरला जात नाही, स्टेअरिंग थरथरतं.

सगळ्यात जास्त गफलत होते ती ऑफसेटमध्ये. रिमच्या मधोमध रेषेपासून हबला टेकणारा भाग किती आत-बाहेर आहे ते हे माप. जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट अधिक ५. त्या जागी आठ इंच रुंद, उणे २० ऑफसेटची रिम घाला. बाहेरची कड किती सरकली? रुंदीची निम्मी वाढ ३२ मिमी, ऑफसेटचे २५, म्हणजे एका बाजूला ५७ मिमी. दोन्ही बाजू धरल्या तर साडेचार इंच. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक दारावर चिखल उडवतं, ते धुता येईल. पण बेअरिंगवर तरफेसारखा भार येतो, खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटका देतं. स्पेसर लावूनही हेच होतं, वर एक सांधा जास्त. मी तर स्पेसर फुकट दिला तरी घेणार नाही.

भार बघा. चांगल्या रिमच्या आत तो कोरलेला असतो. तो किलोत आहे का पाउंडात ते आधी वाचा, कारण १५०० पाउंड म्हणजे ६८० किलोच. समजा आरसीवर गाडीचं भरलेलं वजन २००० किलो आहे. चार चाकांना ५०० असा हिशोब कागदावरच होतो. पोती मागं, आणि एक चाक सरीत गेलं की त्या चाकावर किती येतं विचार करा. मी अशा गाडीला ७०० किलोच्या खालची रिम धरणार नाही. काही कोरलेलंच नसेल तर ती रिम दुकानातच राहू द्या. अलॉयचे नट आणि लोखंडी रिमचे नट बरेचदा वेगळे असतात, बसण्याचा उतार जुळवा, आणि शंभर किलोमीटरनंतर पाना परत फिरवा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पण आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही. अपघातानंतर विमावाला चाकाकडं बोट दाखवणार हे धरूनच चाला.

आणि चारच घेऊ नका, पाच घ्या. थार, जिम्नीला फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र बांधला जातो. तीन चाकं ७०४ मिमीची आणि स्टेपनी ६९३ ची लावून फोर बाय फोरमध्ये कडक रस्त्यावर पळवली तर गिअरचा डबा पिळवटतो. पैसे देण्याआधी एकच चाक चढवून घ्या, स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा, मागं चार माणसं बसवून परत फिरवा. कुठं घासतंय का बघा. दुकानदार कुरकुर करंल, करू द्या.

कोकणात भातखाचराच्या कडेनं कुणी अरुंद टायर चालवत असाल तर अनुभव खाली लिहा, तिकडच्या जांभ्यात कसं वागतं ते वाचायचंय.