कुणी खेळत नसेल तर सर्व्हर झोपवा

मेहकर तालुक्यातल्या आमच्या जानेफळात विजेला ‘लाईन’ म्हणतात. लाईन आली, लाईन गेली, लाईन डिम आहे. हरभऱ्याला पाणी द्यायला माणसं रात्री बॅटरी घेऊन शेतात जातात, कारण शेतीची लाईन कित्येकदा रात्रीचीच असते. अशा गावात माझ्या भाच्याने जुन्या डेस्कटॉपवर माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर चालवायला घेतला. पोरं शिकतायत याचं मला मनापासून कौतुक आहे. पण पाच मित्र संध्याकाळी दोन तास खेळायचे आणि संगणक चोवीस तास चालायचा. त्यावरून सुचलेले हे मुद्दे.

१. रिकामा संगणक म्हणजे बंद संगणक नव्हे. गूगलचे लुइझ बारोझो आणि उर्स होल्झल यांनी २००७ साली दाखवून दिलं, की चांगला सर्व्हरसुद्धा काहीच काम नसताना पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज खातो. नवी यंत्रं यात सुधारली आहेत. पण गावात सर्व्हर म्हणून चालतात ते ऑफिसातून निघालेले जुने डबे.

२. हे मीटरवर डोळ्यांनी दिसतं. आम्ही एका रात्री फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर, राऊटर सगळं बंद केलं आणि फक्त तो संगणक चालू ठेवला. गेममध्ये कुणी नव्हतं. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं छापलेलं आहे. लाल दिवा साधारण दर १९ सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे सुमारे ६० वॉट. दिवसातले २२ रिकामे तास धरले तर रोजचं १.३२ युनिट, महिन्याला जवळपास ४०. घराचा वापर ८० युनिट असेल तर तो १२० वर जातो, आणि १०० च्या पुढच्या प्रत्येक युनिटचा दर जवळपास दुप्पट पडतो. बिल बघून बहीण फ्रिजला दोष देत होती.

३. वर्षाचा हिशोब सुमारे ४८० युनिटांचा होतो. ही सगळी वीज कोळशाची धरली, तर एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा, म्हणजे वर्षाला तीन क्विंटल. तीन क्विंटल सोयाबीन पिकवायला काय लागतं हे आपल्याला सांगायची गरज नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळसा जळताना बघायला फार लांब जायला नको. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा असतो, त्यामुळे भाच्याचा सर्व्हर बंद केला म्हणून कुणाच्या मोटारीला लगेच लाईन मिळेल असं मी म्हणत नाही. पण जळणारा कोळसा दोघांचा एकच आहे.

४. पोरांचा पहिला आक्षेप असतो, की सर्व्हर बंद केला तर आमचं जग थांबेल. पण त्याने काही बिघडत नाही. माइनक्राफ्टमधलं शेत खेळाडू जवळपास असेल तरच वाढतं. कुणीच आत नसताना गहू तसूभरही वाढत नाही. तरीही सर्व्हर सेकंदाला वीस वेळा त्या निर्मनुष्य जगाचा हिशोब करत बसायचा. बनवणाऱ्यांनाही हे पटलं असावं. ऑक्टोबर २०२४ मधल्या १.२१.२ या आवृत्तीपासून शेवटचा खेळाडू गेल्यावर ६० सेकंदांनी जग आपोआप थांबतं. ही चांगली सुरुवात आहे, पण ती डुलकी आहे, झोप नव्हे. सर्व्हरचा प्रोग्राम मेमरी अडवून बसलेलाच असतो आणि संगणक चालूच राहतो.

५. खरी झोप कशी आणायची? “मामा, पोरं कधी येतील ते सर्व्हरला कसं कळणार?” असं भाच्याने विचारलं, आणि तोच खरा प्रश्न आहे. दारावर एक राखणदार बसवायचा. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक चार-पाच वॉटवर चालतो. माइनक्राफ्टच्या २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवर कुणी आलं, की तो मोठ्या संगणकाला ‘वेक ऑन लॅन’चा संदेश पाठवून उठवतो. त्यासाठी मोठा संगणक राऊटरला वायरने जोडलेला हवा आणि ही सोय त्याच्या बायोसमध्ये चालू केलेली हवी. दहा मिनिटं आत कुणी नसेल तर आधी सर्व्हर रीतसर थांबवायचा, म्हणजे जग डिस्कवर जतन होतं, आणि मग संगणक बंद करायचा. हा क्रम मोडू नका. आपल्याकडे लाईन न सांगता जाते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर जगाची फाईल खराब होऊ शकते. भाच्याचा तीन महिन्यांचा किल्ला असाच गेला होता. थांबलेल्या सर्व्हरला लाईन गेल्याचा धोका नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरीही पंख्यासाठी शिल्लक राहते.

६. ज्यांनी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर तासाच्या भाड्याने घेतला आहे त्यांनी तर वाटच बघू नये. अनेक कंपन्यांकडे मशीन थांबवली की तिचं भाडं थांबतं, साठवणुकीचे पैसे मात्र चालू राहतात. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. त्यात आपल्या रिकाम्या सर्व्हरांचा वाटा नको.

७. उठायला वेळ लागतो, हे खरं आहे. आमच्याकडे पहिल्या मुलाला मिनिटभर थांबावं लागतं. मोटारीच्या ‘ऑटो’ची सवय झालेल्या आपल्याला हे जड वाटेल. पण ऑटोने काय होतं ते आपण बघतोच: लाईन आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवर ताण येतो. महावितरण म्हणूनच ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा असं सांगत असतं. गरज असो नसो, यंत्र आपलं चालू, ही सवयच मुळात वाईट. वाफा भरल्यावर पाणी तसंच सोडून घरी येणाऱ्याला गावात कुणी शहाणा म्हणत नाही.

८. हाच नियम ग्रामपंचायतीच्या संगणकाला, शाळेच्या संगणक कक्षाला, सेवा केंद्रांना आणि सूर्य वर आल्यावरही जळणाऱ्या खांबावरच्या दिव्यांना लावावा. ग्रामसभेत एक साधा ठराव होऊ शकतो: संध्याकाळी कुलूप लावणाऱ्याने स्क्रीनच नव्हे, संगणकही बंद करावा. त्याला निधी लागत नाही.

जानेफळच्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरांनो, खेळ सोडा असं मी म्हणत नाही. आज रात्री घरातलं बाकी सगळं बंद करून पाच मिनिटं मीटरसमोर उभे राहा आणि तो लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा.