बिलावर नाव कुणाचं?

आमच्या वस्तीतली सुमन (नाव बदललं आहे) चार घरी पोळ्या करते. भिशी लागली तेव्हा तिनं एक कपाट घेतलं. कुलूप-किल्लीचं, फक्त स्वतःचं. ‘अस्सल प्लाय आहे, दहा वर्षं बघायला नको,’ असं दुकानदार म्हणाला होता. पहिल्याच पावसाळ्यात खालची फळी फुगली, बिजागरी निखळली आणि दार हातात आलं. आतून निघाला दाबून बसवलेला लाकडाचा भुसा.

मी तिच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदार बोलत होता माझ्याशी, आणि मीही उत्तरं देत सुटले. शेवटी म्हणाला, ‘साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.’ बिल पाहिलं तर त्यावर नाव नवऱ्याचं! पैसे मोजले तिनं, नाव लागलं त्याचं. माल म्हणून ‘कपाट १ नग’ एवढंच. प्लायचा उल्लेखही नाही.

मग दुरुस्तीचे वायदे सुरू झाले. ‘उद्या माणूस पाठवतो.’ सुमनचे तीन खाडे झाले. माणूस चौथ्या दिवशी आला, जुन्याच भोकात जाडा स्क्रू पिळून गेला. फुगलेली भुशाची फळी स्क्रू धरत नाही, हे त्याला ठाऊक नसेल? आठवड्यात दार पुन्हा खाली.

कुणी म्हणेल, यात स्त्रीप्रश्न कुठे आला? मला वाटतं, इथेच आला. दुरुस्तीवाल्याची वाट बघण्यात रोज कुणाचा बुडतो? आणि घर मोडतं तेव्हा काय होतं? स्त्रीधनावर बाईचाच हक्क, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली तिच्या वस्तू परत देण्याचा आदेशही मिळू शकतो. पण वस्तू तिची, हे दाखवायला कागद लागतो. सल्ला केंद्रात मी विचारते, ‘बिल आहे का?’ उत्तर बहुतेकदा एकच – ‘आहे, पण त्यांच्या नावावर.’

ग्राहक संरक्षण कायदा (२०१९) आपल्या बाजूचा आहे. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं, अगदी तोंडी असलं तरी, अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही तसंच. बिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीनं वस्तू वापरणारी बाई ग्राहकच असते. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ हा फोन आहे.

आम्ही हे सगळं लिहून दुकानदाराला पत्र दिलं. दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम दाराशी थांबले, बोलली सुमनच. दुकानदारानं कपाट बदलून दिलं. नव्या बिलावर तिनं स्वतःचं नाव, ‘प्लायवूड’ हा शब्द आणि हमीची मुदत लिहून घेतली.

प्रामाणिक दुकानदारी याहून वेगळी काय असते? जे विकलं ते लिहून द्यायचं, सांगितलेल्या दिवशी माणूस पाठवायचा, आणि समोर उभ्या असलेल्या बाईशी बोलायचं. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक बिल घेऊन यावं. नाव कुणाचं आहे, एकदा बघू या तरी!