तंजावरची भिंत
यंदा भारतात जाल तेव्हा भेटीगाठींतून चार दिवस काढून तंजावरला जाच. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाचं, इ.स. १०१० च्या सुमारास बांधून झालेलं. शिखर बघताना मान अवघडते. पण आम्ही रेंगाळलो एका भिंतीपाशी. सरफोजीराजांनी १८०३ साली तिथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. रविवारच्या मराठी वर्गाला कुरकुरणारी आमची लेक एकेक अक्षर लावू लागली. शेजारच्या आजी कौतुकाने बघत होत्या. त्या तिथल्याच, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण लिहायचं तमिळ लिपीत. (आपली मुलं रोमनमध्ये लिहितात, तसंच!) पुढे सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी मात्र आम्हांला कुणालाच वाचता आली नाही.