घरचं म्हणजे फुकट नव्हे

अणदूर परिसरात सोयाबीनचा हिशेब बहुतेक घरी एकाच रीतीने होतो. आडतीवरून पट्टी आली किती आणि त्यातून कृषी सेवा केंद्राची उधारी, ट्रॅक्टरचं भाडं, मळणीचे पैसे गेले किती? उरलं तो नफा. बियाणं घरचं, खुरपायला घरच्या बायका, रान तर बापजाद्याचं. त्यांचा आकडा कुठेच पडत नाही.

हीच चूक हजारो मैलांवर, एका ऑनलाइन खेळात, लाखो लोकांनी करून पाहिली आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ मध्ये सुरू झाला. त्यात खेळाडू अवकाशातल्या खडकांतून धातू काढतात, त्याची जहाजं बांधतात आणि बाजारात विकतात. बाजारभाव खेळाडूंच्याच खरेदी-विक्रीतून ठरतो. ही उलाढाल एवढी गुंतागुंतीची झाली की कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन हे अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवले. नवखा खेळाडू म्हणतो, धातू मीच खणला, म्हणजे फुकट पडला; आणि आतल्या धातूच्या किमतीपेक्षाही स्वस्तात जहाज विकून नफा झाल्याच्या आनंदात राहतो. मुरलेले खेळाडू त्याला लगेच टोकतात: तो धातू तसाच विकला असता तर जे आले असते, तो तुझा खर्च. वर दलाली आणि विक्रीकर धर.

हाच नियम एका एकराला लावून पाहावा. आकडे नमुन्याचे आहेत. सहा क्विंटल उतारा, ४,२०० रुपये दर, म्हणजे २५,२०० रुपये. रोख खर्च १४,००० धरला तर हातात ११,२००. आता तीस किलो घरचं बियाणं २,००० रुपयांचं, घरच्यांचे वीस रोज ३०० प्रमाणे ६,००० आणि तेच रान खंडाने दिलं असतं तर मिळाले असते ते ८,०००. नफा गेला आणि ४,८०० रुपये अंगावर आले.

केंद्राचा कृषी मूल्य आयोग हा फरक चांगला ओळखतो. रोख आणि वस्तुरूपात झालेला खर्च, घरच्या बियाण्याची किंमतही धरून, म्हणजे ‘ए-२’. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ‘ए-२ अधिक एफएल’. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलं की ‘सी-२’. २०२५-२६ साठी सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३,५५२ धरून ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला. ही दीडपट मधल्या खर्चावर आहे, खंड-व्याज तीत नाही. शेतकरी संघटना ‘सी-२’वर दीडपट मागतात त्याचं कारण हेच. शिवाय हमीभाव मिळतोच असं नाही. २०२४ च्या हंगामात तो ४,८९२ असताना बाजारात बराच काळ त्याहून कमी दर होता.

खेळाचा नियम शेतात जसाच्या तसा बसत नाही, हेही खरं. धातू कधीही विकता येतो. पावसाळ्यात प्रत्येक बाईला रोज बाहेर काम मिळेलच असं नाही. तिच्या श्रमाची किंमत म्हणून पूर्ण रोज धरणं कुणाला जास्त वाटेल. पण शून्य धरणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो आधी घरातच होतो. आकडा समोर असेल तर रान बटईने द्यायचं का, सोयाबीनमध्ये तुरीचे तास वाढवायचे का, हे निदान डोळसपणे ठरवता येईल.

हा हिशेब शाळेत खेळातूनच शिकवता येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण शैक्षणिक आणि करमणुकीच्या खेळांना वाट मोकळी ठेवली. ही वाट शाळांनी धरावी. अणदूर-नळदुर्ग भागातल्या नववीच्या वर्गात पोरांना उद्योग चालवण्याचा एखादा बिनपैशाचा खेळ महिनाभर खेळू द्यावा आणि मग प्रत्येकाकडून स्वतःच्या घरच्या खरिपाचा ताळेबंद मांडून घ्यावा. वहीत ‘रोख’ शेजारी ‘घरचं’ हा रकाना हवा आणि तो आईला विचारून भरलेला हवा.